फक्त फुटिंगच्या ड्रॉइंगवर खोदाई सुरू करावी का?

पारंबी:
तळमजला अधिक तीन मजले, एक लिफ्ट. प्लॉट काळ्या मातीचा. नोव्हेंबरात खोदाई, पावसाळ्याआधी शेवटचा स्लॅब, असा बेत आहे. ठेकेदार म्हणतो, फुटिंगचं (कॉलमखालच्या पायाचं) ड्रॉइंग द्या, बाकीची मागाहून आली तरी चालतील. खरंच चालतील का?

ओळंबा:
नाही. आणि फुटिंगच्याही आधी माती तपासा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे पाया तिच्याखाली कठीण मुरमात न्यावा लागतो. दोन विरुद्ध कोपऱ्यांत आणि लिफ्टच्या जागी असे तीन बोअर (माती तपासायची छिद्रं) घ्या. मुरूम एकीकडे दीड मीटरवर आणि दुसरीकडे साडेतीनवर लागला, तर खड्डे उघडे ठेवून डिझाइन, लोखंड आणि दर, सगळंच नव्याने ठरवावं लागतं. थर फारच खोल निघाला तर अंडर-रीम्ड पाइलचा (तळाशी फुगीर केलेल्या, यंत्राने खोदलेल्या काँक्रीटच्या खांबांचा) विचार होतो. तो खोदाईनंतर सुचला, तर यंत्र येईपर्यंत माणसं बसून राहतात.

कोबा:
वरच्याशी सहमत, पण माझ्या मते जास्त दिवस लिफ्ट आणि प्लंबिंगच खातात. लिफ्टची कंपनी आत्ताच ठरवा. पिटची (लिफ्टखालच्या खड्ड्याची) खोली, शाफ्टचं (लिफ्टच्या उभ्या पोकळीचं) माप आणि शेवटच्या मजल्यावरची उंची कंपनीगणिक बदलते. पिट साधारण दीड मीटर खाली जातो, म्हणजे शेजारच्या कॉलमचं फुटिंग त्याच्या आड येतं. खोदाई झाल्यावर हे लक्षात आलं, तर उपाय महागच पडतो.

दुसरं, आर.सी.सी., प्लंबिंग आणि इलेक्ट्रिकची ड्रॉइंग एकावर एक ठेवून तपासा. टॉयलेटचा संक (पाइपांसाठी खाली घेतलेला स्लॅब) किती, पाइप कोणत्या बीमला छेदतो, स्लीव्ह (पाइपसाठी आधीच सोडलेली जागा) कुठे, हे सेंट्रिंग (स्लॅब-बीमखालचे टेकू आणि प्लेटा) लागण्याआधी ठरलेलं हवं. नाहीतर नंतर कोअर कटिंग (काँक्रीटला यंत्राने भोक पाडणं) होतं, त्यात बीमचं लोखंड तुटण्याचा धोका, आणि आर.सी.सी. डिझायनरची परवानगी येईपर्यंत काम थांबतं. जोता झाल्यावर पालिकेच्या तपासणीचे दिवसही वेळापत्रकात धरा. ते बहुतेक जण विसरतात.

पारंबी:
पटलं. वेळापत्रकात सेंट्रिंग एकाच मजल्याचं धरलंय, पुरेल?

ओळंबा:
नाही पुरणार. आय.एस. ४५६ (काँक्रीटच्या कामाचं भारतीय मानक) प्रमाणे स्लॅबचे टेकू ४.५ मीटर गाळ्यापर्यंत (दोन आधारांमधलं अंतर) ७ दिवसांनी, त्यापुढे १४ दिवसांनी काढता येतात; बीमचे ६ मीटरपर्यंत १४, पुढे २१. हे आकडे साध्या ओ.पी.सी. (ऑर्डिनरी पोर्टलँड) सिमेंटचे. पी.पी.सी. (पोझोलाना मिसळलेलं, सावकाश ताकद धरणारं सिमेंट) वापरत असाल तर डिझायनरला विचारून वाढवा. शिवाय वरचा १२५ मिमीचा ओला स्लॅब चौरस मीटरला ३०० किलोच्या वर भार टाकतो, तो खालच्या कोवळ्या स्लॅबवर येतो. म्हणून टेकू दोन मजल्यांचे हवेत, प्लेटा एका मजल्याच्या चालतील.

जोत्यापर्यंत दीड महिना आणि स्लॅबला २० दिवस धरले, तर चार स्लॅब मार्चअखेर होतात. एप्रिल-मे मोकळे ठेवा, तिथे दुसरं काम भरू नका. लोखंडाची ऑर्डर बार बेंडिंग शेड्यूल (सळयांची मापं आणि संख्या यांची यादी) हातात आल्यावरच द्या.