शौलाला देवाने निवडलं, मग त्याचं तारण झालं का?

धागाकर्ता:
गेल्या रविवारी आमच्या मंडळीत बायबलमधल्या १ शमुवेल १० वर संदेश झाला. बापाची हरवलेली गाढवं शोधायला निघालेला शौल, इस्राएलचा होणारा पहिला राजा, आणि संदेष्टा शमुवेल कुपीतलं तेल त्याच्या डोक्यावर ओततो, त्याचं चुंबन घेतो. शेवटी सांगितलं गेलं, की देवाने ज्याला अभिषेक केला त्याच्या तारणाची, म्हणजे पापातून सुटकेची, शंकाच नको. तिथे मी अडखळलो.

देव कामासाठी निवडतो ही एक गोष्ट आणि देव तारतो ही दुसरी, असं माझं ठाम मत आहे. यशया ४५ मध्ये पर्शियाचा राजा कोरेशाला देव 'अभिषिक्त' म्हणतो आणि दोनदा सांगतो, तू मला ओळखत नव्हतास. येशूला धरून देणारा यहूदा इस्कर्योत तर येशूने स्वतः निवडलेल्या बारा शिष्यांतला. भुतं काढायचा अधिकार त्यालाही मिळाला होता.

नगरकर:
कोरेश परका राजा, त्याचं उदाहरण इथे बसत नाही. शौलाबद्दल १०:९ वाचा: देवाने त्याला दुसरं हृदय दिलं. यहेज्केल ३६ मध्ये नवं हृदय म्हणजे तारणच ना? शिवाय एन-दोरला शौल भुतं बोलावणाऱ्या बाईकडे जातो, तेव्हा मेलेला शमुवेल त्याला म्हणतो, उद्या तू आणि तुझे मुलगे माझ्याजवळ असाल. शमुवेल काय नरकात होता? देव पाचारण, म्हणजे दिलेली हाक, परत घेत नाही, हे रोमकरांस ११:२९ सांगतं.

संडेस्कूलची बाई:
'माझ्याजवळ' म्हणजे मेलेल्यांत, अधोलोकात. जुन्या करारात तिथे सगळेच जातात, त्यावरून काही ठरत नाही. रोमकरांस ११ चा विषय इस्राएल आहे, गादीवर बसलेला प्रत्येक माणूस नव्हे. आणि दुसरं हृदय मिळालेल्या त्याच शौलापासून १६:१४ मध्ये परमेश्वराचा आत्मा निघून जातो.

मला येशूच्या काळचा याजक कयफा आठवतो. लोकांसाठी एका माणसाने मरावं, हे तो बोलला. योहान म्हणतो, ते तो आपल्या मनचं बोलला नाही. त्या वर्षी प्रमुख याजक होता म्हणून त्याने संदेश दिला. त्याच दिवसापासून येशूला मारायचा बेत सुरू झाला. देवाचा शब्द त्याच्या तोंडून गेला, त्याच्या आत उतरला नाही.

सुवार्तिकाची मुलगी:
हे वाचून पोटात गोळा आला. माझे वडील सायकलवरून वाडीवाडी फिरून सुवार्ता सांगायचे. हँडलला पिशवी, पिशवीत शुभवर्तमानाच्या पुस्तिका. शेवटची वर्षं दारूत गेली. त्यांच्यामुळे विश्वासात आलेली घरं आजही उपासनेला येतात. त्यांची निवड खोटी होती का?

धागाकर्ता:
ताई, निवड खोटी नव्हती. ती घरं त्याची साक्ष आहेत. पण वडिलांचं तारण त्या घरांवर टेकलेलं नाही, तसंच ते दारूवरही टेकलेलं नाही, ख्रिस्तावर टेकलेलं आहे. म्हणूनच हा फरक मला जीव तोडून सांगावासा वाटतो. लूक १० मध्ये येशूने पाठवलेले सत्तर जण आनंदाने परततात, भुतंसुद्धा आम्हाला वश होतात म्हणतात. प्रभू म्हणतो, त्याचा आनंद मानू नका, तुमची नावं स्वर्गात लिहिली आहेत याचा माना.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ चा, शारदा सदन १८८९ चं. विधवांसाठी एवढं काम उभं राहिलं होतं. तरी त्यांनी स्वतः लिहिलंय, की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी कळलं, मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. म्हणजे काम आधी, तारणाची ओळख नंतर.

नगरकर:
रमाबाईंचं मान्य. निवडीवरून तारण सिद्ध होत नाही, एवढं मी सोडतो. पण मग शौलाचा नाशही सिद्ध होत नाही. गिलबोवा डोंगरावर लढाईत हरून तो स्वतःच्या तलवारीवर पडला, तेव्हा याबेश-गिलाद या गावचे लोक रात्रभर चालत गेले, भिंतीवर टांगलेलं त्याचं प्रेत उतरवलं, हाडं पुरली आणि सात दिवस उपास केला. एकेकाळी त्याने त्यांना वाचवलं होतं. त्यांनी त्याचा न्याय केला नाही, मीही करणार नाही. ताई, तुम्हीही वडिलांचा करू नका.