हॅवलॉकला डाइव्हमास्टर: सामानाच्या अदलाबदलीत गडबड कुठे होते?

दर्यावर्दी: अंदमानात हॅवलॉकला पाडीचा (स्कूबा डायव्हिंग शिकवणारी संस्था) डाइव्हमास्टर कोर्स करायचाय. त्याआधीचा रेस्क्यू कोर्स झालाय, ४४ डाइव्ह्ज आहेत. पाण्याखाली जोडीदाराशी सामान बदलायचं, ते कसं जमवायचं?

मासोळी: ४० डाइव्ह्जवर सुरुवात होते, सर्टिफिकेटला ६० लागतात. अदलाबदलीत दोघांत मिळून एकच रेग्युलेटर (तोंडात धरून टाकीतली हवा घ्यायचं साधन). वेटसूट आणि वजनं बदलायची नसतात. लोक मास्कला घाबरतात, पण खरा घोळ बीसीडीचा, म्हणजे हवा भरायच्या जॅकेटचा. वजनं बीसीडीच्या खिशात असली की बीसीडी उतरवणारा बुचासारखा वर जातो. म्हणून वजनं कमरेच्या पट्ट्यावरच घ्या. तोंडात रेग्युलेटर नसताना बारीक बुडबुडे सोडत राहा, श्वास कोंडू नका.

कोरडा_पाय: क्रम आधी किनाऱ्यावरच घोटवा. फिन्स (पायातली वल्ही), बीसीडी, मास्क शेवटी, म्हणजे बकल दिसतात. दोन श्वास तुमचे, दोन त्याचे. घाई केली की धाप लागते, मग रेग्युलेटर कुणी सोडत नाही!

मासोळी: कोर्समधलं ४०० मीटर पोहणं पण हलक्यात घेऊ नका हो. साडेसहा मिनिटांच्या आत ५ गुण, तेराच्या पुढे गेलात तर १. आणि जून ते सप्टेंबर टाळा, दर्या खवळलेला असतो.