मोबाईलचे दर बाजारावर सोडायचे का?

बर्डीवाला
काल इथे एकाने लिहिलं, "डेटा स्वस्त झाला तो बाजारामुळे, ट्रायने, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या नियामक संस्थेने, दरांत पडूच नये." वाचून डोकं तापलं. 3 आणि 4 जुलै 2024 ला तिन्ही खासगी कंपन्यांचे वाढीव दर लागू झाले. एकीने वाढवले तर दुसरीने तिचे गिऱ्हाईक ओढायला पाहिजे होते ना? 2016 मध्ये फुकट डेटा वाटला जात होता, तेव्हाच ट्रायने किमान दर, म्हणजे ज्याच्याखाली कोणी विकायचंच नाही असा दर, ठरवायला हवा होता. एअरसेल बुडाली, व्होडाफोन-आयडिया एक झाल्या. 2018 मध्ये दर पाडून दुसऱ्याला संपवू नये असा नियम आणला, तोही बाजारात किमान 30 टक्के वाटा असलेल्यालाच लागू होणारा, म्हणजे नवीन येणारा मोकळाच! टेलिकॉमचे वाद ऐकणाऱ्या टीडीसॅट न्यायाधिकरणाने तो त्याच वर्षी रद्द केला.

धरमपेठचा हिशेबनीस
भाऊ, काहून जुने दिवस विसरून राहिले? 2003 पर्यंत इनकमिंगचेही पैसे मोजले आपण. ट्राय 1997 पासून आहे, तरी जुन्या कंपन्या एक जीबीचे अडीचशेच्या आसपास घेतच होत्या. नवीन कंपनी आली तेव्हा उतरले. किमान दर लावला असता तर ते पैसे आपल्याच खिशातून गेले असते.

बर्डीवाला
आता कोणाच्या खिशातून जातात? तुम्ही कंपनीचं वकीलपत्र घेतलं काय?

सक्करदऱ्याची ताई
तुमचे दर राहू द्या. 28 दिवसांचं बोला! वर्षाला 13 रिचार्ज होतात. माझ्या आईजवळ बटनाचा फोन, तिला फक्त बोलायचं असते. तरी डेटाचे पैसे भरते. रिचार्ज संपला की काही दिवसांत इनकमिंगही बंद, मग बँकेचा ओटीपी येत नाही.

धरमपेठचा हिशेबनीस
ताई, 30 दिवसांचा पॅक ठेवायचं ट्रायने 2022 मध्येच सांगितलं. नुसत्या कॉल-एसएमएसचे पॅकही डिसेंबर 2024 मध्ये सक्तीचे केले.

सक्करदऱ्याची ताई
केले, पण दोन मोठ्या कंपन्यांनी आणले ते 84 दिवसांपासून पुढचे. पेन्शनीतून एकदम तेवढे पैसे निघत नाहीत. दुकानदारही आधी डेटावालाच पॅक सांगतो. विचारलं तर म्हणतो, "तो कोणी घेत नाही."

बर्डीवाला
पाहा, आदेश नसता तर एवढंही मिळालं नसतं.

हिंगणा एमआयडीसी
कोणी म्हणेल पोर्ट करा, 2011 पासून सोय आहे. आमच्या शेडमध्ये एकाच कंपनीची रेंज येते. पोर्ट करून जायचं कुठे? बीएसएनएलचं देशी 4जी सप्टेंबर 2025 मध्ये सुरू झालं, तोवर माणसं निघून गेली होती. सरकारला स्पर्धा हवी होती तर हे आधी करायचं.

धरमपेठचा हिशेबनीस
बीएसएनएलचं मान्य, तिथे उशीर झालाच. ताईंच्या आईसाठी महिन्याचा कॉल पॅक सक्तीचा करा, मी आडवा येत नाही. पण किमान दराला माझा विरोध राहील.

बर्डीवाला
राहू द्या विरोध. उद्या दोनच कंपन्या उरल्या की ग्राहकाकडून कोण बोलणार, तेवढं सांगा.

सक्करदऱ्याची ताई
ट्राय मसुद्यावर लोकांची मतं मागवते. तिथे दोघंही महिन्याच्या पॅकचं लिहून पाठवा. त्यात तरी तुमचं भांडण नाही ना?