एक्स-रे क्लिअर आला तरी आधी नर्व्ह ब्लॉक करा
दादा, तुम्ही लिहिलंय की माळेगावच्या यात्रेतून आणलेली घोडी पुढच्या डाव्या पायाने लंगडते, एक्स-रे क्लिअर आलाय, मग आता थेट एमआरआयच करावा का. माझं ऐका, आधी नर्व्ह ब्लॉक करून घ्या. टाचेजवळ नसेवर भुलीचं इंजेक्शन देतात अन् थोड्या वेळाने कडक जमिनीवर दुडकी पळवून बघतात, लंगडणं थांबलं तर दुखणं तिथंच, नाही थांबलं तर सुई वर वर सरकवत जायची. जागाच माहीत नसेल तर एमआरआय नेमका कशाचा काढणार? एक्स-रेत मुख्यतः हाड दिसतं, तेही बरंच झिजल्यावर, खुराच्या आत मागच्या बाजूला असलेल्या छोट्या नेव्हिक्युलर हाडाजवळचा टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा दोरीसारखा भाग) फाटला असेल तर त्यात कळतच नाही. गुडघ्याखालचे टेंडन सोनोग्राफीत छान दिसतात, पण खुराच्या टणक कवचातून आतलं दिसत नाही, एमआरआयचा खरा उपयोग तिथं. अन् नाल काढूनच न्या, खिळ्याचा बारका तुकडा राहिला तरी फोटो खराब येतो. पहिल्यांदा परभणीच्या व्हेटरनरी कॉलेजात दाखवा, आणि वरातीत नाचवणं आजपासून बंद करा, प्लीज.