मदत हवी आहे: बायपास ठरली होती, पण हेपरिन चालत नाही

कृष्णाकाठ (सोमवार, रात्री ११:५०)
बाबांची बायपास गुरुवारी होती, ती रद्द केली. रक्त गोठू नये म्हणून देतात ते हेपरिन चालत नाही म्हणे. दुसरं औषध असतं, पण त्यावर इथे कोणी बायपास केलेली नाही, पुण्या-मुंबईला न्या म्हणाले. सर्जन दोन मिनिटं बोलले आणि ओटीत गेले. हेपरिनशिवाय बायपास कोणाची झाली आहे का? कुठे? खर्च किती? अनुभव असेल तरच लिहा. "काळजी घ्या" नको आहे.

हिशेबनीस
वय किती? मेडिक्लेम आहे का? जन आरोग्य योजनेतून करणार असाल तर हे वेगळं औषध पॅकेजात धरतात का, ते आरोग्यमित्राला आधीच विचारा. आमच्याकडे स्टेंटच्या वेळी बिल हातात आल्यावर कळलं होतं.

पन्हाळकर
"चालत नाही" म्हणजे नक्की काय झालं? अंगावर पित्त उठलं, रक्तस्राव झाला, की प्लेटलेट पडल्या?

टोणगा
बीटिंग हार्ट करा. हार्ट-लंग मशीनच लागत नाही, मग हेपरिन कशाला? माझ्या मेहुण्याची तशीच झाली, आठव्या दिवशी घरी.

निवृत्त भूलवाली
टोणगा, मेहुण्यालाही हेपरिन दिलं असणार. धडधडत्या हृदयावर करतानाही देतात, फक्त डोस कमी. मशीनवर साधारण किलोला ३०० ते ४०० युनिट, बीटिंग हार्टला बहुतेक ठिकाणी त्याच्या निम्मं किंवा त्याहून कमी. शिरा जोडताना रक्त थांबवावं लागतं, ते गोठू नये म्हणून.

धागाकर्ते, मी हृदयाच्या ओटीत २६ वर्षं भूल दिली आहे. पन्हाळकरांच्या प्रश्नाचं उत्तर आधी द्या.

कृष्णाकाठ
प्लेटलेट पडल्यात. ७८,०००. त्यात काय एवढं, वाढतील ना? माझा प्रश्न बायपासचा आहे.

काढेवाले काका
७८ हजार काहीच नाही. पपईच्या कोवळ्या पानांचा रस, दोन चमचे, सकाळ-संध्याकाळ. पुतण्याच्या डेंग्यूत २२ हजारांवरून चार दिवसांत लाखावर. सोबत अर्जुनाची साल दुधात उकळून. हृदयाला तेच मूळ औषध.

निवृत्त भूलवाली
काका, डेंग्यूचा इथे संबंध नाही.

कृष्णाकाठ, आधी किती होत्या, कितीवरून ७८ हजारांवर आल्या? हेपरिन कधी सुरू झालं, कधी बंद केलं? आधी कधी मिळालं होतं का (अँजिओग्राफी, डायलिसिस)? क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) किती? लेफ्ट मेनमध्ये (हृदयाच्या डाव्या मुख्य धमनीत) ब्लॉक आहे का? हातापायाला सूज, बोट काळंनिळं असं काही? एवढं सांगा, मग बायपासचं बोलू.

मनीमाऊ
माझ्या आईचा व्हॉल्व्ह बदलला २०१७ साली. ती वॉरफेरिनवर आहे. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी) सांभाळायचा, पालक-मेथी रोज सारख्याच प्रमाणात खायची, एवढंच. रक्त पातळ करायला वॉरफेरिन गोळी स्वस्त आणि मस्त. हेपरिन नाही तर ती द्या की.

निवृत्त भूलवाली
नाही! मनीमाऊ, रागावू नका, पण हे कोणी वाचून करू नये. हेपरिनमुळे प्लेटलेट पडलेल्या असताना वॉरफेरिन सुरू केलं तर पायाची बोटं, क्वचित अख्खा पाय काळा पडू शकतो. प्लेटलेट दीड लाखाच्या वर स्थिर झाल्याशिवाय ती गोळी नाही.

कृष्णाकाठ (मंगळवार, सकाळी ६:१०)
फाईल समोर घेऊन लिहितोय. वय ६७. ३ तारखेला ॲटॅक, त्याच दिवशी हेपरिनची ड्रिप. तेव्हा प्लेटलेट २,४०,०००. ५ तारखेला अँजिओग्राफी. ट्रिपल व्हेसल (तिन्ही धमन्यांत ब्लॉक), एलएडी या पुढच्या धमनीत ९० टक्के, लेफ्ट मेन नाही. ९ तारखेला प्लेटलेट १,१०,०००, १० ला ७८,०००. ड्रिप तेव्हाच बंद केली. क्रिएटिनिन १.९, शुगर पंधरा वर्षांची. छातीत आता दुखत नाही. डाव्या पोटरीला सूज आहे, पण बाबांच्या पायाला सूज नेहमीचीच. एकोस्प्रिन (ॲस्पिरिन) चालू आहे, मग रक्त पातळ आहेच ना?

निवृत्त भूलवाली
दोन्ही पायांना सारखी सूज नेहमीची असते. एकाच पोटरीला आली तर नाही. आज राउंडला डॉक्टर आले की पहिला हाच मुद्दा काढा, पायाचा डॉपलर (रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी) मागा.

मी तपासलेलं नाही, पण तुमच्या तारखा पुस्तकातल्यासारख्या आहेत. हेपरिन सुरू झाल्यावर ५ ते १० दिवसांत प्लेटलेट निम्म्याहून खाली येणं याला एचआयटी म्हणतात. शरीर हेपरिन आणि पीएफ४ नावाच्या प्रथिनाच्या जोडीविरुद्ध अँटिबॉडी बनवतं, त्या प्लेटलेटना चेतवतात. प्लेटलेट कमी म्हणून रक्त वाहील असं वाटतं, होतं उलटं: जागोजागी गुठळ्या. म्हणून नुसतं हेपरिन थांबवून भागत नाही, त्याच्या जागी लगेच दुसरं औषध लागतं. क्लेक्सेनसारखं पोटातलं इंजेक्शनही चालत नाही, ते हेपरिनचंच भावंड. एकोस्प्रिन प्लेटलेटवर काम करते, या गुठळ्यांना ती पुरत नाही. आणि रक्तस्राव नसेल तर प्लेटलेटच्या पिशव्या चढवू नका. पीएफ४ अँटिबॉडीची तपासणी पाठवली का?

हिशेबनीस
हेपरिन डुकराच्या आतड्यापासून काढतात ना? आमच्याकडे कट्टर शाकाहारी आत्या होती, तिला सांगितलंच नाही.

टोणगा
हिशेबनीस, इथे माणूस अडलाय आणि तुम्ही आत्याचं काय काढता? बाकी डुकराचंच, बरोबर.

लीड्सची सुमा
अनुभव विचारलाय म्हणून लिहिते. सासऱ्यांची बायपास इकडे हेपरिनऐवजी बायव्हॅलिरुडिन या औषधावर झाली, मशीन लावून. तेव्हा कळलेलं असं: हेपरिन ओटीतच प्रोटामीन देऊन उतरवता येतं, याला तसा उतारा नाही. औषध आपोआप उतरायची वाट बघायची. मूत्रपिंडं ठीक असतील तर अर्ध्या तासाच्या आत निम्मं होतं. त्यांची थोडी अशक्त होती, त्यामुळे छाती बंद करायला खूप वेळ गेला आणि रात्रभर ड्रेनमधून रक्त येत होतं. चार पिशव्या लागल्या. आज शेतावर जातात (शेत म्हणजे अलॉटमेंट, टोमॅटोचे सहा वाफे).

निवृत्त भूलवाली
सुमाताई, अगदी बरोबर. आणखी एक भानगड म्हणजे बायव्हॅलिरुडिनला रक्तातलं थ्रॉम्बिन स्वतःच तोडत असतं. मशीनच्या नळीत किंवा छातीत रक्त जिथे साचून राहील तिथे ते गोठतं. सर्जन आणि पर्फ्युजनिस्ट (मशीन चालवणारा) दोघांनाही हातच्या सवयी बदलाव्या लागतात. म्हणून "इथे कोणी केलेली नाही" असं सांगणारा सर्जन मला प्रामाणिक वाटतो.

काढेवाले काका
वाचलं मी शोधून. हे औषध जळवेच्या लाळेवरून बेतलंय! सुश्रुतांनी जळवांचे बारा प्रकार सांगितलेत, सहा विषारी, सहा बिनविषारी. आणि तुम्ही मला पपईवरून हसता.

पन्हाळकर
काका, हसलं कोणीच नाही. पण बायपासच्या टेबलावर जळवा लावणार का? हलके घ्या.

निवृत्त भूलवाली
जळवेचं काकांचं खरं आहे.
लेफ्ट मेन नाही, दुखत नाही, म्हणजे थांबता येईल का हेही विचारा. या अँटिबॉडी कायमच्या नसतात, साधारण तीन महिन्यांत बहुतेकांच्या जातात. तपासणी निगेटिव्ह आली की फक्त ओटीत, फक्त मशीनपुरतं हेपरिन देता येतं, नंतर थेंबही नाही.

टोणगा
ज्याने एवढं झालं तेच परत द्यायचं?? काहीच्या काही.

निवृत्त भूलवाली
ऐकायला विचित्र आहे, पण अँटिबॉडी परत तयार व्हायला दिवस लागतात, शस्त्रक्रिया काही तासांची. थांबणं झेपणारं नसेल तर बायव्हॅलिरुडिन. ते ठरवणं त्यांच्या टीमचं काम, माझं नाही.

कृष्णाकाठ (मंगळवार, रात्री १०:३०)
डॉपलरमध्ये डाव्या पायात गुठळी निघाली. तपासणी पाठवली, रिपोर्टला दोन दिवस. हेपरिनऐवजी आर्गाट्रोबॅन हे औषध सुरू केलंय, किडनीमुळे तेच बरं म्हणाले, ते लिव्हरमधून जातं.

आणखी एक. दुपारी सिस्टर हाताची सुई धुवायला आल्या. सलाईनच्या छोट्या बाटलीवर चिकटपट्टी, त्यावर पेनाने "हेप" लिहिलेलं. मी हात धरला. त्या म्हणाल्या, हे औषध नाही हो, नुसतं फ्लश. ड्रिप बंद होऊन चार दिवस झाले आणि हे दिवसातून तीनदा चालूच होतं. आता कॉटच्या डोक्याशी आणि फाईलवर लाल पेनाने "हेपरिन नको, फ्लशसुद्धा नको" लिहून घेतलंय. मावशीचा पपईचा रसही बंद केला, शुगर ३१० आली होती, त्यात गूळ घालत होती ती.

निवृत्त भूलवाली
हात धरलात ते फार बरं केलंत. सेंट्रल लाईन (मोठ्या शिरेतली नळी) टाकली तर ती हेपरिनचा थर दिलेली नाही ना, तेवढं बघा. आणि डिस्चार्जच्या कागदावर, बाबांच्या पाकिटातही, हे लिहिलेलं असू द्या. पुढच्या दवाखान्यात पहिल्याच तासाला कोणीतरी हेपरिन काढतं.

मनीमाऊ
मी चुकीचं लिहिलं होतं, सॉरी. माझ्या आईचा आयएनआर परवा ४.८ आलाय, त्याचं काय करू? गोळी आज द्यायची का?

निवृत्त भूलवाली
मनीमाऊ, त्यांच्या डॉक्टरांना आत्ता फोन करा. तो प्रश्न इथे नको.

कृष्णाकाठ (बुधवार, दुपारी)
पुण्याच्या रक्तविकार तज्ज्ञांशी इथल्या डॉक्टरांचं बोलणं झालं. शुक्रवारी ॲम्ब्युलन्सने नेतोय. थांबायचं की लगेच करायची, रिपोर्ट बघून तिथे ठरेल. सगळ्यांचे आभार, सुरुवातीला तुसडेपणाने लिहिलं. आई सोबत आहे, तिला दवाखान्याजवळ राहायला खोली आणि बिनमसाल्याचा डबा कुठे मिळेल?

हिशेबनीस
पुण्यात कुठल्या भागात?