गोल्फचे स्वस्त मऊ चेंडू: एका खोक्यातले बारा एकसारखे असतात का?

काटेतोल (धागाकर्ता)

मऊ चेंडू चांगला की कडक, हा वाद मला इथे घालायचा नाही. पट करताना, म्हणजे हिरवळीवर चेंडू भोकाकडे घरंगळवताना, ज्याला ‘टक्’ऐवजी ‘थप्’ ऐकायला आवडतं त्याने मऊ घ्यावा. माझं म्हणणं एवढंच की खोक्यात बारा चेंडू असतील तर ते बाराही एकमेकांसारखे असले पाहिजेत, आणि चेंडू स्वस्त आहे म्हणून यात सूट देऊ नये. महागडा चेंडू हरवायची भीती वाटते म्हणून बहुतेक नवशिके हेच चेंडू घेतात. आपला शॉट चुकला की चेंडू वेगळा वागला, हे ज्याला अजून कळत नाही त्याच्याच हातात बेभरवशाचा चेंडू पडावा, याचा मला राग येतो.

आधी नियम. गोल्फचे नियम ठरवणाऱ्या आर अँड ए आणि यूएसजीए या संस्थांच्या नियमांप्रमाणे चेंडूचं वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त नको आणि व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी नको. वजनाला फक्त वरची मर्यादा, आकाराला फक्त खालची. कॉम्प्रेशनला, म्हणजे चेंडू दाबाखाली किती चेपतो याला, मर्यादाच नाही. ‘सॉफ्ट’ कशाला म्हणायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. कॉम्प्रेशनच्या जुन्या अ‍ॅटी मापात चेंडू ठरावीक भाराखाली इंचाचा एक हजारांश चेपला की २०० मधून एक आकडा वजा होतो. म्हणजे ४० चा मऊ चेंडू साधारण ४ मिलिमीटर चेपतो आणि ९० चा २.८ मिलिमीटर. अंगठ्याने दाबून यातलं काहीही कळत नाही.

मी एक खोका घरी मोजला. चेंडू रात्रभर एकाच खोलीत ठेवले, कारण थंडीत गाभ्याचं रबर कडक होतं. वजनं दोन दशांशांपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर घेतली, त्यात तक्रारीला जागा नव्हती. कॉम्प्रेशनचं यंत्र माझ्याकडे नाही, म्हणून दोन चेंडू एकाला एक लावून शिकंज्यात धरले आणि आवळले. दोघांवर भार तोच पडतो, त्यामुळे कोणता जास्त चेपला ते व्हर्नियरने सरळ मोजता येतं. एक चेंडू ‘प्रमाण’ धरून बाकीचे अकरा त्याच्याशी लावून पाहिले. नऊ जवळपास सारखे निघाले. दोन उघड उघड कडक होते, व्हर्नियर न लावताही डोळ्यांना दिसावं इतके.

मग मिठाचं पाणी. चेंडूची घनता पाण्यापेक्षा साधारण १३ टक्के जास्त असते, म्हणून साध्या पाण्यात तो बुडतो. एका लिटरला पाव किलो मीठ विरघळवलं की तरंगतो. वर आलेल्या जागी मार्करने ठिपका दिला, बोटाने गरगर फिरवला, थांबेपर्यंत वाट पाहिली. नवव्या चेंडूचा ठिपका सात वेळा फिरवला तर सातही वेळा वर आला. म्हणजे त्याची खालची बाजू जड आहे. असा चेंडू मी पैसे देऊन विकत का घ्यावा?

उतरती हिरवळ

मोजमापाची मेहनत दिसते, पण निष्कर्षाशी अजिबात सहमत नाही.

हिशोब करू. ड्रायव्हरचं, म्हणजे लांब फटक्याच्या क्लबचं (काठीचं), डोकं साधारण २०० ग्रॅमचं, चेंडू ४६ चा. चेंडू अर्धा ग्रॅम हलका-जड झाला तर क्लबवरून सुटतानाच्या वेगात फरक पडतो जेमतेम ०.२ टक्के. आता तुम्ही चेंडू क्लबच्या तोंडाच्या मध्याऐवजी बोटभर बाहेर मारलात तर काय होतं ते स्वतः आठवा. हौशी खेळाडूचे दहा ड्रायव्ह (ड्रायव्हरने मारलेले फटके) घ्या आणि त्यातला सर्वात लांबचा नि सर्वात जवळचा यांच्यातलं अंतर बघा. त्या पसाऱ्यात चेंडूचा वाटा शोधायचा म्हणजे बाजारपेठेत कुजबुज ऐकायची.

नवशिक्याची काळजी तुम्हाला आहे, मलाही आहे. म्हणूनच म्हणतो, त्याच्या डोक्यात हा संशय घालू नका. चेंडूवर खापर फोडायची सवय एकदा लागली की स्विंग सुधारायचं राहून जातं. मी वर्षानुवर्षं नवीन लोकांसोबत खेळतो. चांगला खेळायला लागलेला प्रत्येक जण आधी चेंडूबद्दल बोलायचा थांबलेला मी पाहिला आहे.

जुनी पिशवी

हा संशय आजचा नाही. १९३२ साली फिल यंग नावाच्या गृहस्थाचा एक पट चुकला. त्यांची अ‍ॅकुश्नेट नावाची रबराची कंपनी होती. पट आपण नीट मारला होता अशी त्यांना खात्री होती, म्हणून एका मित्राला गाठून त्यांनी चेंडूचा एक्स-रे काढायला लावला. गाभा मधोमध नव्हता. त्यातूनच १९३५ मध्ये टायटलिस्ट चेंडू बाजारात आला. त्या माणसाने चेंडूवर खापर फोडलं आणि ते बरोबर निघालं, हे उतरती हिरवळ यांनी लक्षात घ्यावं.

पण काटेतोल, दुसरी बाजूही ऐका. त्या काळचे चेंडू गाभ्याभोवती ताणलेला रबरी दोरा गुंडाळून करत. आजचा बजेट मऊ चेंडू बहुधा दोनच थरांचा असतो: पॉलीब्युटाडाइन या रबराचा साच्यात भाजलेला गाभा आणि वर आयोनोमर या प्लास्टिकचं आवरण. गुंडाळणी गेली, तिच्याबरोबर चुकायच्या कितीतरी जागा गेल्या. रचना जितकी साधी, तितकं ती एकसारखी ठेवणं सोपं. मला तर वाटतं, तीन-चार थरांच्या महागड्या चेंडूंपेक्षा यात गफलतीला वाव कमी आहे.

काटेतोल

जुनी पिशवी, वाव कमी आहे हे मान्य. पण साच्यात भाजताना वेळ किंवा तापमान इकडेतिकडे झालं की गाभा कडक-मऊ होतो, आणि आवरण ओतताना गाभा जरा सरकला की एका बाजूला ते जाड, दुसऱ्या बाजूला पातळ. हे दोन थरांतही होतंच. चुका कमी करता येतात म्हणूनच त्या राहिल्या की जास्त खटकतात.

उतरती हिरवळ, तुमचा ०.२ टक्क्यांचा हिशोब वजनाचा आहे, आणि वजनाबद्दल माझी तक्रार नव्हतीच.

लंबक

मिठाच्या पाण्याबद्दल बोलायलाच हवं, कारण त्याचा अर्थ सगळे चुकीचा लावतात.

पाण्यात तरंगणाऱ्या चेंडूला फिरण्यापासून अडवणारं जवळपास काहीच नसतं. गुरुत्वमध्य केसाच्या जाडीपेक्षा कमी सरकलेला असला तरी शेवटी तीच बाजू वर येणार. त्यामुळे ‘ठिपका सात वेळा वर आला’ यावरून जड बाजू कोणती एवढं कळतं. ती किती जड आहे हे कळत नाही. जगातले उत्तमोत्तम चेंडू या परीक्षेत ‘नापास’ करून दाखवता येतील.

किती हे जाणायचं तर स्टॉपवॉच घ्या. ठिपका थोडा बाजूला ढकलून सोडा आणि चेंडूला मागेपुढे डोलू द्या. एका डोलण्याला लागणारा वेळ गुरुत्वमध्य किती सरकला आहे त्यावर ठरतो. पाण्याचा विरोध सोडला तर ०.१ मिलिमीटर सरकलेला असेल तेव्हा एक पूर्ण डोलणं साधारण २.७ सेकंदांचं, आणि ०.०१ मिलिमीटर असेल तेव्हा साडेआठ सेकंदांच्या आसपास. सरकणं चौपट झालं की वेळ निम्मा होतो. झटकन परत येणारा चेंडू वाईट, आळसावून येणारा चांगला.

आणखी एक. गाभा अर्धा मिलिमीटर सरकला तर गुरुत्वमध्य अर्धा मिलिमीटर सरकत नाही. गाभा आणि आवरण यांच्या घनतेत फरक थोडाच असतो, त्यामुळे तो त्याच्या लहानशा अंशानेच हलतो.

दुसरी टी

मी बराच काळ याच वर्गातले चेंडू खेळते, म्हणून या बाजूने लिहिते. ड्रायव्हच्या अंतराशी माझं काही अडत नाही. ‘स्विंग सावकाश असेल तर मऊच चेंडू हवा’ हे विक्रीचं वाक्य आहे. सावकाश स्विंगलाही कडक चेंडू चालतो. जोरात मारणाऱ्याचा मऊ चेंडू मात्र थोडा मागे पडतो.

माझं अडतं ग्रीनच्या, म्हणजे भोकाभोवतीच्या हिरवळीच्या, कडेला. आयोनोमरच्या आवरणाला वेज (जवळच्या फटक्याचा क्लब) कमी पकडते, फिरकी कमी पडते, चेंडू जमिनीवर उतरून पुढे सरकत जातो. युरेथेनचं आवरण असलेल्या चेंडूसारखा तो थबकत नाही. त्याची तक्रार नाही, मी तसं चिप करायला (ग्रीनलगतचा छोटा फटका मारायला) शिकले: कुठे उतरवायचा आणि किती पावलं सरकू द्यायचा. ते गणित बसलं ते रोज तोच चेंडू मारून. त्यात दोन चेंडू वेगळे निघाले तर मी नेमकं काय शिकले? उतरती हिरवळ, ड्रायव्हचा पसारा मोठा असतो हे खरं, पण आठ पावलांच्या चिपचा पसारा लहान असतो. तिथे कुजबुजही ऐकू येते.

उतरती हिरवळ

दुसरी टी, तुमचं चिपचं उदाहरण मला पटलं. हे आधी माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

पण काटेतोल यांना दोन आक्षेप. एक, तुम्ही एकच खोका मोजलात. बारा चेंडू, तेही बहुधा एकाच खेपेतले. त्यावरून सबंध मॉडेलबद्दल बोलता येत नाही, मग सगळ्या स्वस्त चेंडूंबद्दल तर नाहीच. वेगवेगळ्या वेळी घेतलेले किमान तीन खोके मोजा. आणि हो, चेंडूवरचा १ ते ४ हा आकडा खेपेचा नसतो, तो सोबतच्यांत आपला चेंडू ओळखायला असतो. दोन, नववा चेंडू वाईट आहे हे तुम्हाला आधीच ठाऊक आहे. तो पट करताना तुमचा हात तुम्हाला फसवेल. ‘वळला!’ असं तुम्हाला दिसणारच.

काटेतोल

दोन्ही आक्षेप रास्त आहेत. दुसऱ्यावर लगेच काम केलं.

हात काढूनच टाकला. अ‍ॅल्युमिनियमची खाचेची पट्टी पुस्तकांवर टेकवून उतार केला, ग्रीनचा वेग मोजायच्या स्टिम्पमीटरसारखा, आणि सपाट गालिच्यावर चेंडू सोडले. ठिपक्यांवर सारख्याच चिकटपट्ट्या लावून क्रमांक माझ्या मुलीने लिहिले. कोणता क्रमांक कशाचा हे तिलाच ठाऊक होतं. जड बाजू डावीकडे, उजवीकडे आणि घरंगळण्याच्या रेषेत, अशा तिन्ही प्रकारे तीच ठेवायची. मी फक्त सोडायचो आणि गालिच्याच्या टोकाला चेंडू कुठे पोचला ती खूण करायचो.

नववा चेंडू जड बाजू डावीकडे असताना डावीकडे गेला आणि उजवीकडे असताना उजवीकडे. तीन मीटरवर दोन खुणांच्या मध्ये माझी दोन बोटं बसली. जड बाजू रेषेत ठेवली तेव्हा मात्र तो सरळ गेला, कारण ती वर-खाली फिरत राहते, एका अंगाला ओढत नाही. बाकीच्या चेंडूंच्या खुणा एकमेकींवरच पडल्या. लंबक यांचं म्हणणं बरोबर निघालं: मिठाच्या पाण्यात ठिपका परत आणणारे आणखी तीन चेंडू होते, गालिच्यावर त्यांनी काहीही केलं नाही. त्यांना मी उगाच नावं ठेवली होती.

लंबक

छान. डोलण्याची वेळ घेतलीत का?

काटेतोल

घेतली. नववा तीन सेकंदांच्या आत. ते तिघे इतके सावकाश की मोजताना मला पाणी स्थिर व्हायची वाट पाहावी लागली.

जुनी पिशवी

मग नवव्याला फेकू नका. जड बाजू आणि ठिपका यांतून जाणारी रेघ चेंडूभोवती काढा आणि पट करताना ती भोकाकडे लावा. रेघ काढायला नियमांची ना नाही. चेंडू मुद्दाम खरवडून किंवा तापवून त्याचा गुण बदलायला मनाई आहे.

काटेतोल

रेघ काढतो. पण त्या दोन कडक चेंडूंवर कुठली रेघ काढू? त्यांच्याबद्दल माझा राग तसाच आहे. त्याच मॉडेलचा दुसरा खोका आणला आहे, उतरती हिरवळ यांच्या सांगण्यावरून तिसरा महिन्याभराने घेईन. आज रात्री बारा चेंडू खोलीत ठेवतो, सकाळी शिकंजा.

दुसरी टी

शिकंज्यात लावताना ‘प्रमाण’ चेंडू पहिल्या खोक्यातलाच ठेवा, म्हणजे दोन्ही खोके एकमेकांशी ताडता येतील. आणि प्रत्येक चेंडू दोन-तीन बाजूंनी दाबा. शिवणीवर (आवरणाचे दोन अर्धे जुळतात तिथे) एक माप आणि शिवणीपासून दूर दुसरं आलं, तर तेही लिहा.