सावंतवाडीचा राजवाडा आणि रत्नागिरीचा थिबा राजवाडा : माहितगारासह एका दिवसाची सहल जमेल का?

वाचनकट्टा_कणकवली :

नमस्कार. कणकवलीतील आमच्या छोट्या वाचनालयातर्फे दरवर्षी दिवाळीनंतर सभासदांची एक दिवसाची अभ्याससहल निघते. आजवर आम्ही किल्ले आणि देवळेच अधिक पाहिली. यंदा कोकणातील राजवाडे आणि त्यांच्या लगतच्या बागा पाहाव्यात, असा बहुतेकांचा आग्रह आहे. सावंतवाडीचा भोसल्यांचा राजवाडा आम्हांला दक्षिणेला तासाभरावर, तर रत्नागिरीचा थिबा राजवाडा उत्तरेला अडीच-तीन तासांवर पडतो. सकाळी लवकर निघून आधी रत्नागिरी आणि नंतर सावंतवाडी, असे दोन्ही एका दिवसात उरकावे, अशी एक सूचना आली आहे. आमच्यात साठी ओलांडलेले सभासद बरेच आहेत आणि काहींची नातवंडेही बरोबर येणार आहेत.

माझे प्रश्न असे आहेत. दोन्ही राजवाडे एका दिवसात नीट पाहून होतील का? बरोबर माहितगार मार्गदर्शक घ्यावाच लागेल का, आणि घ्यायचा झाल्यास तो कसा निवडावा? बागांसाठी वेगळा वेळ ठेवण्याइतके तिथे काही आहे का? ज्यांनी ही ठिकाणे सावकाश पाहिली आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

भाट्येकर :

मी रत्नागिरीतच राहतो, त्यामुळे थिबा राजवाड्यापुरते लिहितो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे : दोन्ही एका दिवसात करू नका. गाडी पोहोचेल, पण माणसे पोहोचणार नाहीत. दिवसाचा मोठा भाग महामार्गावर जाईल आणि राजवाड्यात जेमतेम खोल्या मोजून बाहेर पडावे लागेल. थिबा राजवाडा असा पाहण्यात काहीच अर्थ नाही, कारण या वास्तूत डोळ्यांना दिसते त्यापेक्षा ऐकण्यासारखे कितीतरी जास्त आहे.

थिबा हा ब्रह्मदेशाच्या, म्हणजे आजच्या म्यानमारच्या, कोनबाँग घराण्याचा शेवटचा राजा. १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडाले घेतले, त्याला पदच्युत केले आणि राणी सुपयालत व कुटुंबासह आधी मद्रासला व १८८६ मध्ये रत्नागिरीला आणून ठेवले. त्या वेळी त्याचे वय सत्तावीस वर्षांचे होते. ज्या इंग्रजांनी दिल्लीच्या बहादूरशहा जफरला रंगूनला नेऊन ठेवले आणि तिथेच १८६२ मध्ये त्याला मरण आले, त्यांनीच ब्रह्मदेशाच्या राजाला समुद्र ओलांडून आपल्या किनाऱ्यावर आणले, ही गोष्ट मुलांना राजवाड्याच्या पायरीवरच सांगावी, म्हणजे आत शिरताना आपण काय पाहणार आहोत ते त्यांना उमजते.

दुसरी गोष्ट अशी की, पुष्कळांना वाटते थिबा आयुष्यभर याच राजवाड्यात राहिला. प्रत्यक्षात पहिली चोवीस-पंचवीस वर्षे त्याला इथल्या बंगल्यांत काढावी लागली आणि हा राजवाडा बांधून झाल्यावर १९१० मध्ये तो इथे राहायला आला. डिसेंबर १९१६ मध्ये तो वारला. म्हणजे सहाच वर्षे. हा हिशेब डोक्यात ठेवून पहिल्या मजल्यावरच्या संगमरवरी फरशीच्या दालनात उभे राहिले की, वास्तूचा सगळा डौल वेगळाच भासू लागतो. जांभ्या दगडाच्या भिंती, उतरती छपरे, ब्रह्मी सागवानाचे काम आणि अर्धवर्तुळाकार नक्षीदार खिडक्या हे सारे राजाच्या मानाला साजेसे आहे, पण त्या खिडक्यांतून दिसणाऱ्या मुलखावर त्याचा कसलाही अधिकार नव्हता. परवानगीशिवाय त्याला रत्नागिरीबाहेर जाताही येत नसे. राजवाडा म्हणून बांधलेला हा बंदिवास आहे, आणि मार्गदर्शकाने एवढे एकच नीट पोहोचवले तरी सहल सार्थकी लागली असे मी म्हणेन.

राजवाड्याच्या मागच्या बाजूला राजाने बसवलेली बुद्धमूर्ती आहे. ती चुकवू नका. आता इथे राज्य शासनाचे वस्तुसंग्रहालय आहे आणि सोमवारी ते बंद असते, म्हणून सहलीचा वार त्याप्रमाणे ठरवा. शिवाजीनगर भागातील राजाच्या समाधीकडे मात्र फारसे कोणी जात नाही आणि मला त्याची खंत वाटते. सुपयालतला पतीचे पार्थिव मायदेशी न्यायचे होते. ते होऊ शकले नाही आणि अखेर १९१९ मध्ये ते इथेच समाधिस्थ झाले. त्याच वर्षी राणी रंगूनला परतली. थोरली राजकन्या मात्र पुढे रत्नागिरीला परत आली. इथल्याच एका मराठी माणसाशी तिचे नाते जुळले होते. त्यांची मुलगी टूटू इथेच वाढली, मराठी बोलत संसार केला आणि २००० मध्ये वारली. २०१२ मध्ये म्यानमारचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष थेन सेन समाधीच्या दर्शनाला मुद्दाम रत्नागिरीला आले होते. त्यांच्यासाठी ही जागा किती मोलाची आहे, हे त्यावरून कळावे.

बागेबद्दल म्हणाल, तर राजवाड्याच्या आवारात थोडा वेळ बसता येते आणि जवळच थिबा पॉइंटजवळ जिजामाता उद्यान आहे. तिथून भाट्याची खाडी, पूल आणि पलीकडचा समुद्र एका नजरेत येतो. झाडांची आवड असणाऱ्यांनी खाडी ओलांडून भाट्याच्या नारळ संशोधन केंद्राकडे जावे. माडांच्या जाती शेजारी शेजारी पाहायला मिळतात आणि प्रश्न विचारणाऱ्याला तिथे उत्तरही मिळते.

तळ्याकाठची_बकुळ :

भाट्येकरांशी मी पूर्ण सहमत आहे आणि म्हणूनच सावंतवाडीसाठी स्वतंत्र दिवस मागते. आमचा राजवाडा अगदी वेगळ्या प्रकृतीचा आहे. तो इथले संस्थानिक तिसरे खेम सावंत यांच्या, म्हणजे १७५५ ते १८०३ या काळातला. या गावाचे जुने नाव सुंदरवाडी. खेम सावंतांचा विवाह ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्यातील जयाप्पा शिंदे यांच्या कन्येशी झाला होता आणि त्या संबंधामुळे दिल्लीच्या बादशहाकडून त्यांना राजेबहादूर हा किताब मिळाला. एका लहानशा किनारी संस्थानाचे धागे ग्वाल्हेर आणि दिल्लीपर्यंत कसे गेले होते, हे सांगणारा माणूस बरोबर असेल, तर दरबार हॉलमधली प्रत्येक तसबीर बोलू लागते.

राजघराण्याचे वास्तव्य अजून तिथे असल्यामुळे सगळा वाडा पाहायला मिळत नाही. जेवढा भाग खुला आहे, तेवढाच पाहायचा आणि घर म्हणून त्याचा मान राखायचा. पण त्या दरबार हॉलमध्ये जे पाहायला मिळते, ते दुसरीकडे सहसा मिळणार नाही. तिथे बसून कारागीर गंजिफा, म्हणजे खेळायचे जुन्या पद्धतीचे गोल पत्ते, हाताने रंगवतात. तळहातावर मावेल अशी गोल चकती, तिच्यावर चिंचोक्याची खळ आणि खडूचा लेप देऊन घोटून गुळगुळीत केलेला पृष्ठभाग, आणि त्यावर अगदी बारीक कुंचल्याने उमटत जाणारा मत्स्य किंवा वराह. कडेची वेलबुट्टी एका हाताने चकती फिरवत दुसऱ्या हाताने काढतात. ती रेघ पूर्ण होईपर्यंत समोरचा माणूस आपोआप गप्प होतो. शेवटी लाखेचा हात फिरला की पान टिकाऊ होते.

दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा गट असतात, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पाने, म्हणजे एकूण एकशे वीस. निम्म्या गटांत दहाचे पान एक्क्याहून वरचढ आणि उरलेल्या निम्म्यांत एक्का वरचढ, त्यामुळे खेळणाऱ्याला सतत सावध राहावे लागते. दिवसा खेळायला बसल्यास ज्याच्याकडे रामाचा राजा त्याने सुरुवात करायची आणि रात्री बसल्यास ज्याच्याकडे कृष्णाचा त्याने. आपल्याबरोबर येणाऱ्या मुलांना हा नियम आधी सांगून ठेवा, ती पाने ओळखायला लगेच धावतील.

ही कला जवळजवळ संपली होती. शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी जुन्या चितारी कारागिराकडून ती स्वतः समजून घेतली, तरुणांना शिकवली आणि राजवाड्यातच तिला जागा दिली. संस्थान गेल्यावर घराण्याने काय जपावे, याचे इतके चांगले उदाहरण माझ्या तरी पाहण्यात नाही. म्हणून गंजिफा पाहायला घाईने जाऊ नये. कारागिराला मोकळा वेळ असेल तेव्हा जावे, विचारून फोटो काढावा आणि जमल्यास एखादी लहानशी वस्तू तिथूनच घ्यावी.

राजवाड्यासमोरचा मोती तलाव १८७४ चा. त्याच्या काठाने सावकाश फेरी मारावी. ज्येष्ठांना ती सहज झेपते, बसायला जागोजागी सोय आहे आणि पलीकडे नरेंद्र डोंगराची गर्द झाडी दिसते. औपचारिक, कातरलेली राजबाग शोधायला येणाऱ्याची इथे निराशा होईल. इथली शोभा तळे, डोंगर आणि जुनी झाडे यांचीच आहे आणि ती दिवाळीनंतरच्या दिवसांत सगळ्यांत चांगली दिसते, कारण पाऊस नुकताच सरलेला असतो आणि तळे भरलेले असते. तिथून चितार आळीत जाऊन लाकडी फळे आणि खेळणी पाहा.

आंग्रेवाडी :

मुरुडच्या नवाबांचा राजवाडा या यादीत घेता येईल का? समुद्रालगतच्या उंचवट्यावरची ती वास्तू फारच देखणी आहे.

भाट्येकर :

घेऊ नये. ती खासगी मालमत्ता आहे आणि आत प्रवेश मिळत नाही, रस्त्यावरूनच पाहावी लागते. शिवाय कणकवलीहून मुरुड हा एका दिवसाचा प्रवासच नव्हे. जंजिऱ्याला जाणाऱ्यांनी वाटेत थांबून बाहेरून पाहावी, एवढे ठीक.

निवृत्त_गुरुजी_देवरुख :

मार्गदर्शकाबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. शाळेच्या सहली नेत असताना या विषयाचा मी बराच विचार केला आहे.

माहितगार घ्यावाच, पण तो ठरवण्याआधी त्याच्याशी दहा मिनिटे बोला. राजवाड्यांभोवती भुयारे, गुप्त खजिने आणि राण्यांचे शाप यांच्या कथा फार लवकर उगवतात. एका सहलीत आम्हांला मिळालेल्या मार्गदर्शकाने थिबाच्या रत्नांविषयी तासभर सांगितले, पण त्याला कोणत्या साली इथे आणले ते त्याला सांगता येईना. मुले अर्थातच रत्नेच लक्षात ठेवून घरी गेली. म्हणून आधीच विचारावे की, ही गोष्ट आपल्याला कशावरून कळली. जो माणूस 'अशी ऐकीव कथा आहे' आणि 'अशी नोंद आहे' यांत फरक करून सांगतो, तोच घ्यावा, मग तो परवानाधारक असो, संग्रहालयातला कर्मचारी असो की गावातला एखादा जुना शिक्षक.

पंधरापेक्षा अधिक माणसे एका मार्गदर्शकाबरोबर नेऊ नयेत. दालनांत आवाज घुमतो आणि मागे राहिलेल्यांना काहीच ऐकू येत नाही. ते मग आपसांत बोलू लागतात आणि पुढच्यांचेही लक्ष जाते. तुमचे सभासद अधिक असतील तर दोन गट करा. एक राजवाड्यात असताना दुसऱ्याने तलावाची किंवा उद्यानाची फेरी करावी आणि मग अदलाबदल करावी. वरच्या मजल्यांवर जिने चढावे लागतात, तेव्हा ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे त्यांच्यासाठी खालीच बसून ऐकण्यासारखा भाग मार्गदर्शकाने राखून ठेवावा, हे त्याला आधी सांगून ठेवावे. प्रवेशाच्या वेळा आणि शुल्क यांची मात्र निघण्याच्या आठवड्यातच फोनवर खात्री करून घ्यावी.

माझे मत विचाराल, तर ज्येष्ठ आणि लहान मुले एकत्र असताना पहिली सहल सावंतवाडीचीच करा. अंतर कमी आहे, चालणे सपाटीवरचे आहे आणि पाहायला हाताने घडणारे काही आहे. थिबा राजवाड्यासाठी मनाची थोडी तयारी लागते. आदल्या बैठकीत वाचनालयात त्या इतिहासावर कोणी अर्धा तास बोलले, तर तिथे गेल्यावर ते अधिक उमजेल.

वाचनकट्टा_कणकवली :

सर्वांचे मनापासून आभार. दोन्ही एकाच दिवशी करण्याचा बेत आम्ही सोडला आहे. यंदा सावंतवाडी आणि जानेवारीत रत्नागिरी, मुक्कामासह, असा प्रस्ताव उद्याच्या बैठकीत ठेवते. तळ्याकाठची बकुळताई, एकच शंका : दिवसभरात वेळा कशा लावाव्यात? राजवाडा सकाळी पाहावा की दुपारी?

तळ्याकाठची_बकुळ :

राजवाडा सकाळी उघडताच पाहा. माणसे ताजी असतात, हॉलमध्ये गर्दी नसते आणि कारागिरांशी दोन शब्द बोलता येतात. त्यानंतर जेवणापर्यंत चितार आळी. जेवण आणि थोडी विश्रांती झाल्यावर ऊन उतरू लागले की तलावाची फेरी घ्या आणि दिवे लागण्यापूर्वी कणकवलीचा रस्ता धरा. मार्गदर्शकासाठी गावातल्या एकदोघांना मी स्वतः विचारून ठेवते. गुरुजींनी सुचवलेला प्रश्नही त्यांना विचारीन. आपल्या सभासदांची संख्या आणि नक्की झालेला वार तेवढा इथे कळवा.